सूर्याकडे जाणारा रस्ता शुक्रावरून

हेडफोन नीट लावा, कारण आज आपण बराच लांबचा प्रवास करणार आहोत. कुलाबा, अलिबाग, पनवेल, तिथून शुक्र आणि मग सूर्य. मी पनवेलमध्ये राहतो म्हणून पनवेल मुद्दाम घुसडलंय असं वाटेल, पण तसं नाहीये. या गोष्टीत आमच्या गावाचा खराखुरा संबंध आहे. थोडा धीर धरा, येतोच तिकडे.

सुरुवात २ सप्टेंबर १८५९ ला. मुंबई, कुलाबा. १८५७ चा उठाव नुकताच शमलाय, कंपनी सरकार जाऊन राणीचं सरकार आलंय, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू होऊन सहा वर्षं झालीत. कुलाब्याच्या टोकाला एक वेधशाळा आहे. ती कंपनीने १८२६ मध्ये बांधली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं सुरू झाली. मोजमाप म्हणजे आजच्यासारखं सेन्सर लावला आणि ॲपवर आलेख पाहिला असं नव्हे. एक चुंबक टांगलेला असायचा, तो किती हलला हे माणूस डोळ्यांनी बघायचा आणि वहीत लिहायचा. दर तासाला. दिवसा आणि रात्री. आणि चुंबक जास्तच चुळबुळ करायला लागला, तर तासाची वाट न बघता पंधरा-पंधरा मिनिटांनी, पाच-पाच मिनिटांनी.

त्या दिवशी सकाळी दहा-अकराच्या सुमारास चुंबक वेड्यासारखा वागायला लागला. पृथ्वीचं आडवं चुंबकीय बळ एकदम खाली आलं. किती? सुमारे १,६०० नॅनोटेस्ला. हे एकक डोक्यावरून जात असेल तर एवढंच लक्षात ठेवा: मुंबईत हे बळ साधारण ३७-३८ हजार असतं, आणि एखाद्या नेहमीच्या चुंबकीय वादळात ते शंभरच्या आसपास घसरतं. इथे ते १,६०० ने घसरलं आणि पुढच्या काही तासांतच बरंचसं सावरलंही. वहीत आकडे लिहिणाऱ्या माणसाला नक्की काय वाटलं असेल, हे मला आजही जाणून घ्यायचंय. घाबरला असेल? की उपकरण बिघडलं म्हणून वैतागला असेल? त्याने काय केलं ते मात्र माहीत आहे. तो लिहीत राहिला.

आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीतून सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत बसला होता. त्याला डागांच्या एका समूहावर दोन ठिकाणी डोळे दिपवणारा प्रकाश फुटलेला दिसला. पाच मिनिटांत तो खेळ संपलासुद्धा. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ आदळलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या, काही ठिकाणी बॅटरी काढून टाकल्यावरही तारेतून संदेश जात राहिले. जिथे ध्रुवीय प्रकाश कधी दिसत नाही अशा उष्ण प्रदेशातल्या लोकांनी आकाश लाल झालेलं पाहिलं.

पण कॅरिंग्टनला तो प्रकाश आणि हे वादळ छातीठोकपणे जोडता येईना. त्याने सावधपणे शक्यता सुचवली, एवढंच. कारण उघड होतं. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर, मध्ये पोकळी. तिथली भानगड इथल्या चुंबकाला कळवायला कोण येणार?

हा प्रश्न पुढची शंभर वर्षं लटकत राहिला. आणि तेवढ्यात मुंबईने अजून एक तमाशा पाहिला. ४ फेब्रुवारी १८७२ ला मुंबईच्या आकाशात चक्क ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. ६ फेब्रुवारीच्या टाइम्स ऑफ इंडियामध्ये ती बातमी आली होती आणि मुंबई-एडन समुद्री तारेवरही परिणाम झाल्याचं त्यात होतं. नॉर्वेला लोक पैसे खर्चून जे बघायला जातात ते मुंबईकरांनी घरबसल्या पाहिलं. आज तसं झालं तर किती रील्स पडतील याची कल्पना करा. (अर्थात त्या रील्स अपलोड व्हायला नेटवर्क शिल्लक असेल तर.)

आता पनवेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. वीज वाहिली की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, म्हणजे ट्राम धावायला लागली की कुलाब्याचे चुंबक पृथ्वीऐवजी ट्रामचीच बातमी देणार. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई मूस, त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय. त्यांच्या काळात चुंबकीय वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला हलवली. नुसती हलवली नाही हं. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केलं, म्हणजे जुनी आणि नवी आकडेवारी एकमेकांना बिनचूक जुळावी. मला या कथेतला हा सगळ्यात आवडता भाग आहे. ट्राम १९०७ मध्ये आली आणि तोवर आकडे सुरक्षित होते. ट्रामही आता गेली, अलिबागचं मोजमाप चालूच आहे.

याच कुलाबा-अलिबाग परंपरेतून १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्र झाली, आणि तिचं मुख्यालय आज न्यू पनवेलमध्ये आहे, कळंबोली हायवेजवळ. तुमच्यापैकी कितीतरी जण एक्सप्रेसवेला लागताना तिच्या आसपासहून गेला असाल. आमच्याकडे रिक्षावाल्याला मॉलचं नाव सांगितलं की लगेच कळतं, या संस्थेचं सांगितलं की दोन मिनिटं चर्चा करावी लागते.

इथल्या संशोधकांचं नाव जगभर गाजलं ते २००३ मध्ये. गुरबक्ष लखिना आणि शोभना अलेक्स यांनी अमेरिकेतले ब्रूस त्सुरुतानी आणि ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासोबत एक शोधनिबंध छापला. कुलाब्याच्या त्या जुन्या नोंदी वर काढून त्यांनी दाखवलं की १८५९ चं वादळ किती प्रचंड होतं. जगात बाकी बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी उपकरणांचा काटा पट्टीबाहेर गेला होता किंवा त्या वेधशाळा ध्रुवांच्या इतक्या जवळ होत्या की वादळाचं खरं माप कळणं कठीण. विषुववृत्तापासून योग्य अंतरावर, पूर्ण नोंद असलेली जागा म्हणजे कुलाबा.

मग वाद सुरू झाला. व्हायलाच हवा. काहींचं म्हणणं असं की १,६०० हा एका क्षणाचा आकडा आहे, वादळं मोजतात ती तासाच्या सरासरीवर, आणि सरासरी काढली तर आकडा साडेआठशे-नऊशेच्या आसपास येतो. काहींना वाटतं की ती खोल घसरण पृथ्वीभोवतीच्या नेहमीच्या वलयप्रवाहाची नव्हतीच, ध्रुवीय प्रकाशासोबत येणारे विद्युतप्रवाह त्या दिवशी खूप खाली सरकले होते आणि मुंबईने ते पकडले. ही नुसती पंडितांची भांडणं नाहीत बरं का. मार्च १९८९ मध्ये ५८९ च्या वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज काही सेकंदांत घालवली, नऊ तास अंधार. मे २०२४ चं वादळ ४०० च्या आसपासचं होतं, तेव्हा लडाखमधल्या हानलेला आकाश लाल झालं होतं, फोटो तुम्ही पाहिले असतीलच. मग ९०० चं किंवा १,६०० चं आलं तर? जीपीएस, विमानं, पॉवर ग्रिड, तुमच्या खिशातला फोन. विजेचे मोठे ट्रान्सफॉर्मर कितीचं वादळ सोसतील असे बनवायचे, हे ठरवणाऱ्या माणसाला हा आकडा हवा असतो.

आणि त्याआधी हे कळायला हवं की सूर्य हे फेकतो कसं. त्यासाठी सूर्यापाशी जायला हवं. इथून शुक्राची एंट्री.

पण मधली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९५८. शिकागो विद्यापीठात यूजीन पार्कर नावाचा तिशीतला तरुण प्राध्यापक. धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला का असते, यावर जर्मनीच्या लुडविग बिअरमान यांनी सुचवलं होतं की सूर्यातून सतत काहीतरी कणांचा झोत येत असावा. पार्करने गणित मांडलं. सूर्याचं बाहेरचं वातावरण, म्हणजे प्रभामंडल, दहा-वीस लाख अंश तापलेलं आहे. एवढं गरम वातावरण एका जागी शांत बसूच शकत नाही, ते बाहेर वाहत जाणार आणि वेग घेत घेत सेकंदाला शेकडो किलोमीटरने पळणार. त्याने याला नाव दिलं सौर वारा. म्हणजे मध्ये पोकळी नाहीच! कॅरिंग्टनच्या प्रश्नाचं उत्तर: निरोप आणणारा वारा आहे.

निबंध छापायला पाठवला. दोन्ही परीक्षकांनी नापास केला. एकाचा सूर असा की या माणसाने लिहिण्याआधी जरा लायब्ररीत जाऊन वाचून यावं. ॲस्ट्रोफिजिकल जर्नलचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, आपले चंद्रा. त्यांना स्वतःलाही ही कल्पना पटली नव्हती. पण पार्करने त्यांना विचारलं की परीक्षकांनी गणितात एक तरी चूक दाखवली आहे का? नव्हती दाखवली. चंद्रांनी निबंध छापला. स्वतःला न पटलेली गोष्ट, केवळ चूक सापडत नाही म्हणून छापणारा संपादक! मी या माणसाचा फॅन आहे ते नोबेलमुळे कमी आणि या निर्णयामुळे जास्त.

चार वर्षांनी उत्तर मिळालं, आणि ते कुठे जाताना मिळालं बघा. नासाचं मरिनर-२ हे यान १४ डिसेंबर १९६२ ला शुक्राजवळून, साधारण ३५ हजार किलोमीटरवरून गेलं. दुसऱ्या ग्रहाजवळून जाऊन माहिती पाठवणारं माणसाचं हे पहिलं यान. त्याआधी सोव्हिएत यानांना या वाऱ्याची झुळूक लागली होती, पण मरिनरने शुक्राकडे जाताना तीन-साडेतीन महिने सतत मोजलं आणि वारा एक दिवसही थांबला नाही. म्हणजे पार्करचा सौर वारा पक्का झाला तो शुक्राच्या वाटेवर. ही वाट पुढे साठ वर्षांनी पार्करच्या नावाच्या यानाला उपयोगी पडणार होती.

आता तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनातला प्रश्न. सूर्याकडे जायचं तर सरळ सूर्याच्या दिशेने यान सोडा ना, तो एवढा मोठा, आपोआप ओढून घेईल की.

नाही घेत. चालत्या लोकलमधून उडी मारणारा माणूस फलाटावर उभा राहत नाही, गाडीच्या दिशेने धडपडत पुढे पळतो, कारण गाडीचा वेग त्याच्या अंगात असतो. (हे करू नका. खरंच करू नका.) पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने पळतेय. सेकंदाला! इथून सुटलेल्या प्रत्येक यानाच्या अंगात तो वेग असतो. सूर्याकडे पडायचं तर तो वेग मारावा लागतो, म्हणजे उलट्या दिशेने जोर लावायचा. नासाच्या हिशोबाने मंगळावर जायला लागते त्याच्या ५५ पट ऊर्जा सूर्याकडे जायला लागते. एवढं इंधन घेऊन उडेल असं रॉकेट नाही. मग ब्रेक कुठून आणायचा?

शुक्राकडून. समजा पनवेल स्टेशनातून एक गाडी २० च्या वेगाने सुटतेय आणि तुम्ही मागून तिच्या डब्यावर ५० च्या वेगाने रबरी चेंडू मारला. (हे पण मनातल्या मनातच, आरपीएफवाले आहेत तिथे.) गाडी पुढे पळतेय म्हणून चेंडू तिच्यावर आदळतो तो फक्त ३० च्या वेगाने, आणि ३० नेच मागे उसळतो. पण गाडी २० ने पुढे जातेय, म्हणून फलाटावरून बघणाऱ्याला चेंडू परत येताना दिसतो फक्त १० ने. ५० चे १० झाले. बाकीचं गेलं कुठे? गाडीला मिळालं. गाडीला त्याचा पत्ताही लागत नाही, एवढी ती जड.

शुक्र म्हणजे ती गाडी, यान म्हणजे चेंडू. फरक एवढाच की आदळायचं नाही. शुक्राच्या पुढून जायचं, म्हणजे त्याचं गुरुत्वाकर्षण यानाला मागे खेचतं आणि यानाचा थोडा वेग शुक्राच्या पदरात पडतो. ही युक्ती ग्रहांच्या बाबतीत बहुतेक वेळा वेग वाढवायला वापरतात, व्हॉएजर गुरूकडून वेग उसना घेऊनच बाहेर गेली. उलटी युक्ती, वेग कमी करायची, १९७४ मध्ये मरिनर-१० ने शुक्रापाशीच केली आणि तिथून ते बुधाकडे गेलं.

सूर्यापाशी यान पाठवायचा विचार १९५८ पासूनच चालू होता. बराच काळ योजना अशी होती की आधी दूर गुरूकडे जायचं, तिथे जबरदस्त ब्रेक मारायचा आणि थेट सूर्याकडे कोसळायचं. पण गुरूपाशी उन्हाचा पत्ता नसतो, म्हणून अणुबॅटरी लागणार, खर्च वाढणार, आणि सूर्याशी भेट व्हायची एक-दोनदाच. शेवटी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या यानपिंग गुओ यांनी दुसरा मार्ग आखला. एक मोठा ब्रेक नको, सात छोटे ब्रेक. सातही शुक्रावर. दर वेळी कक्षा थोडी आत सरकणार आणि सूर्याजवळून एकदा नाही, वीसच्या वर वेळा जायला मिळणार. घाटातून उतरताना ड्रायव्हर एकदम ब्रेक मारत नाही, थोडा थोडा मारत जातो, तसं. वेळ जास्त लागतो, पण गाडी हातात राहते.

१२ ऑगस्ट २०१८ ला यान सुटलं. पार्कर सोलर प्रोब. जिवंत माणसाचं नाव दिलेलं नासाचं हे पहिलं यान. ९१ वर्षांचे पार्कर उड्डाण बघायला हजर होते. साठ वर्षांपूर्वी ज्याला लायब्ररीत जायला सांगितलं होतं, तोच हा माणूस.

पहिली शुक्रभेट लगेच ३ ऑक्टोबर २०१८ ला झाली आणि महिन्याभरात यानाने जुना विक्रम मोडला. हेलिओस-२ हे यान १९७६ मध्ये सूर्यापासून ४ कोटी ३० लाख किलोमीटरपर्यंत गेलं होतं. दुसरी भेट २६ डिसेंबर २०१९. ही तारीख तुम्हाला आठवत असेल, दक्षिण भारतात कंकणाकृती सूर्यग्रहण होतं आणि आपल्याकडे खंडग्रास. सकाळी आपण चष्मे लावून सूर्य बघत होतो, आणि त्याच तारखेला तिकडे हे यान शुक्राला वळसा घालत होतं.

तिसरी भेट मात्र खास. ११ जुलै २०२०. लॉकडाउन, पाऊस, आम्ही पनवेलकर घरात डांबलेले. यान शुक्रापासून फक्त ८३४ किलोमीटरवरून गेलं. खरं तर शुक्राचा अभ्यास हे या यानाचं कामच नाही, ब्रेक मारायला गेलेल्या गाडीने वाटेत दोन फोटो काढावेत तसा प्रकार. यानावर विस्पर नावाचा कॅमेरा आहे, तो सौर वाऱ्याचा अगदी मंद उजेड टिपायला बनवलेला. शास्त्रज्ञांना वाटलं शुक्राच्या रात्रीच्या बाजूचे ढग दिसतील. शुक्र कायम ढगांत गुरफटलेला असतो, साध्या प्रकाशात त्याची जमीन वरून दिसत नाही असं आपण शाळेत शिकलो. फोटोत मध्यभागी एक काळा डाग होता. नकाशाशी ताडून बघितलं तर तो ॲफ्रोडायटी टेरा नावाचा शुक्रावरचा सर्वांत मोठा उंच प्रदेश निघाला.

म्हणजे ढगांच्या आरपार जमीन दिसत होती. कशी? शुक्राची जमीन ४६० अंशाच्या आसपास तापलेली आहे. भट्टीतलं लोखंड अंधारात लालसर दिसतं तशी ती मंद चमकते. उंच प्रदेश थोडा थंड, म्हणून काळपट. कॅमेरा इतका संवेदनशील की त्याने ही धग, जवळजवळ अवरक्तच पण दृश्य प्रकाशाच्या काठावरची, पकडली. अवकाशातून दृश्य प्रकाशात शुक्राची जमीन दिसण्याची ही पहिली वेळ. पुढच्या भेटीत, २० फेब्रुवारी २०२१ ला, मुद्दाम जास्त फोटो काढले.

आणि तुम्ही ऐकणारी मंडळी आहात म्हणून हे सांगतो: त्याच जुलैच्या भेटीत यानाने शुक्राचा आवाजही पकडला. हवेतला आवाज नव्हे, रेडिओ लहरी. सात मिनिटं एक कमी वारंवारितेचा संकेत येत होता. ग्लिन कॉलिन्सन या शास्त्रज्ञाला तो आलेख ओळखीचा वाटला, त्यांनी पूर्वी गुरूभोवती फिरणाऱ्या गॅलिलिओ यानाच्या नोंदींवर काम केलं होतं आणि चंद्रांच्या आयनांबरातून जाताना असाच आकार यायचा. म्हणजे पार्कर यान शुक्राच्या वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात शिरून बाहेर आलं होतं. तिथे थेट मोजमाप करणारं आधीचं यान पायोनियर व्हीनस, ते १९९२ मध्ये शुक्रावरच जळून संपलं. तेव्हा सूर्य जोरात होता, २०२० मध्ये सुस्त. आणि थर खरंच पातळ निघाला.

इथे पनवेलच्या संस्थेचा विषय पुन्हा मध्ये येतो. शुक्राला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही. सौर वारा थेट त्याच्या वातावरणावर आदळतो. आपल्याकडे तो वारा आधी चुंबकीय कवचावर आदळतो आणि कवच हादरलं की अलिबागचा आलेख हलतो. आकाराने, वजनाने शुक्र पृथ्वीचा जुळा भाऊ, पण छत्री फक्त एकाकडे आहे.

पाचवी आणि सहावी भेट मी पटकन ओलांडतो, १६ ऑक्टोबर २०२१ आणि २१ ऑगस्ट २०२३. चौथ्या भेटीतली एक भानगड मात्र सांगतोच. शुक्रावर विजा कडाडतात की नाही यावर चाळीस वर्षं वाद आहे. विजेमुळे उठणाऱ्या शिट्टीसारख्या लहरी यानाला सापडल्या. लोक खूश. पण बारकाईने पाहिलं तर त्या लहरी शुक्राकडून बाहेर येत नव्हत्या, बाहेरून शुक्राकडे जात होत्या. विजेच्या असत्या तर उलट असायला हव्या होत्या.

दरम्यान ब्रेक काम करत होते. २८ एप्रिल २०२१ ला यान पहिल्यांदा सूर्याच्या प्रभामंडलात शिरलं. पार्कर यांना ते कळलं, मार्च २०२२ मध्ये ते गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये यान एका प्रचंड सौरउद्रेकाच्या मधून गेलं आणि सुखरूप बाहेर आलं. उद्रेकाने वाटेतली धूळ झाडूने लोटावी तशी बाजूला केली, तेही कॅमेऱ्यात दिसलं. पृथ्वीच्या दिशेने असा उद्रेक आला असता तर न्यू पनवेलमध्ये त्या रात्री कोणी झोपलं नसतं.

सातवी आणि शेवटची भेट ६ नोव्हेंबर २०२४. भाऊबीज होऊन तीन दिवस झाले होते, फराळाचे डबे अजून संपले नव्हते, आणि संध्याकाळी पश्चिमेला शुक्राची चांदणी ठळक दिसत होती. त्या चांदणीपासून चारशे किलोमीटरहूनही कमी अंतरावरून यान गेलं. मुंबई-गोवा अंतराहून कमी! या शेवटच्या ब्रेकने कक्षा ८८ दिवसांची झाली, आणि २४ डिसेंबर २०२४ ला यान सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवर पोहोचलं. वेग तासाला ६ लाख ९२ हजार किलोमीटर. या वेगाने पनवेलहून पुणे अर्ध्या सेकंदात येतं, खंडाळ्याचं ट्रॅफिक धरून नाही. समोर साडेअकरा सेंटिमीटर जाडीची कार्बनची ढाल, तिच्या तोंडावर लोखंडाला घाम फुटेल अशी उष्णता आणि पाठीमागे उपकरणं आपल्या मे महिन्यातल्या दुपारपेक्षाही आरामात. काही दिवस यानाचा संपर्क नव्हता. अमेरिकेत २६ डिसेंबरच्या रात्री बारीकसा संकेत आला: ठीक आहे.

आपला आदित्य-एल१ याच सूर्याकडे दुसऱ्या पद्धतीने बघतो. तो जवळ जात नाही, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर उभा राहून चोवीस तास नजर ठेवतो. त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाने साकारली. उड्डाणाची तारीख होती २ सप्टेंबर. कुलाब्याचा चुंबक वेडा झाला त्याला त्या दिवशी बरोबर १६४ वर्षं झाली होती. योगायोगच, पण मला सांगायचा मोह आवरत नाही.

मग १,६०० चा वाद मिटला का? नाही. १८५९ मध्ये परत जाऊन मोजता येत नाही. पण उद्रेक सुटताना त्याचं चुंबकत्व कसं पिळलेलं असतं, वाऱ्याला वेग नक्की कुठे मिळतो, हे आता जागेवर जाऊन बघितलेले आकडे आहेत, आणि ते सूत्रांत घातले की त्या दिवशी काय शक्य होतं आणि काय नव्हतं याच्या सीमा आवळत येतात. दुसऱ्या टोकाला कुलाब्याची वही आहे. दोन्ही एकाच गणितात बसायला हव्यात.

शुक्राचं काम मात्र संपलेलं नाही. युरोपचं सोलर ऑर्बिटर हे यान शुक्राचा वापर तिसऱ्याच कारणासाठी करतं. वेग कमी करून आत शिरण्यापेक्षा त्याला कक्षा तिरकी करून सूर्याचे ध्रुव वरून बघायचे आहेत, कारण पृथ्वीवरून ते कधीच नीट दिसत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये शुक्राजवळून जाऊन त्याने कक्षा १७ अंश कलती केली आणि सूर्याच्या दक्षिण ध्रुवाची चित्रं पाठवली. त्याची पुढची शुक्रभेट ठरली आहे २४ डिसेंबर २०२६ ला, मग कल होईल २४ अंश. त्या दिवसांत शुक्र पहाटे पूर्वेला असेल. डिसेंबरमध्ये आमच्याकडे आकाश स्वच्छ असतं. पहिली लोकल पकडणारे असाल तर स्टेशनच्या पुलावरून माथेरानच्या डोंगराच्या बाजूला बघा, सगळ्यात तेजस्वी जो दिसेल तो तोच.